एका रिकाम्या जागेचा इतिहास

मराठीच्या अध्यापकांनी ग्राफिक्स कार्डावर लेख लिहावा, हे आमच्या काही सहकाऱ्यांना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. संगणकावर खेळ खेळणे हा आपल्याकडे अद्यापही वाया जाण्याचाच एक प्रकार समजला जातो; आणि त्या खेळापायी घरातला जुना संगणक उघडून त्यात पैसे घालणे ही तर त्याच्या पुढची पायरी. तथापि संगणकाच्या पडद्यावर आपले अक्षर प्रथम कोणत्या मार्गाने आले, याचा माग काढीत असता आम्ही ज्या वाटेने गेलो, तीच वाट थोड्या अंतरावर खेळांच्या दिशेने वळते असे आमच्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख त्या वाटेविषयी आहे. आरंभ मात्र आमच्या स्वतःच्या फजितीपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

२००३ साली आम्ही दोघे सदाशिव पेठेतील एका खोलीत राहून एम.ए.चा अभ्यास करीत होतो. खोलीत एक सेकंडहँड असेंबल्ड संगणक होता. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम आणि दर पंधरवड्याला खोकणारा एसएमपीएस, असा त्याचा संसार. इतरांचे प्रबंध श्रीलिपीत टंकलिखित करून देणे हे त्याचे अधिकृत काम होते व त्यातून आमच्या मेसचे पैसे सुटत. त्याच वर्षी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ हा खेळ संगणकासाठी उपलब्ध झाला. आमच्या यंत्राने त्या खेळापुढे सपशेल हात टेकले. ग्राफिक्स कार्ड घालावे लागेल, असे जाणकार मित्राने सांगितले आणि मदरबोर्डावर तपकिरी रंगाचा स्लॉट आहे का ते पाहून या, असेही बजावले. पांढरा तो पीसीआय, तपकिरी तो एजीपी. आम्ही कॅबिनेट उघडले, तपकिरी स्लॉट पाहिला आणि बुधवार पेठेत जाऊन मोठ्या आत्मविश्वासाने एजीपी कार्ड घेऊन आलो. घरी आल्यावर कळले की आमचा तपकिरी स्लॉट वीतभरसुद्धा नव्हता. तो एएमआर नावाचा, मॉडेमसारख्या किरकोळ कामासाठीचा स्लॉट निघाला. एजीपीचा स्लॉट त्या मदरबोर्डावर नव्हताच. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने आमच्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले आणि वर थोडे पैसे घेऊन कार्ड बदलून पीसीआयचे दिले.

हा प्रसंग विनोदी खरा. पण त्यातून एक प्रश्न मनात राहिला. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या यंत्रात मुळात रिकामी जागा ठेवतातच कशासाठी? आणि आमच्या यंत्रातली ती हवी असलेली जागा कोणी व का काढून घेतली होती?

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यात असे पाच स्लॉट होते. ही कल्पना आयबीएमची नव्हे. १९७७ च्या ॲपल-टूमध्ये आठ स्लॉट होते आणि त्याआधीच्या हौशी यंत्रांतही कार्डे घालण्याची सोय असे. पण आयबीएमने आणखी एक गोष्ट केली : यंत्राची मंडलचित्रे व त्याच्या मूळ प्रणालीची संहिता एका तांत्रिक संदर्भग्रंथात छापून विक्रीस ठेवली. यात औदार्यापेक्षा घाईचा भाग मोठा होता. फ्लोरिडातील बोका रॅटन येथील एका लहान गटाने सुमारे वर्षभरात, बाजारात मिळणारे सुटे भाग जुळवून हे यंत्र सिद्ध केले होते. राहिलेली उणीव इतरांनी भरून काढावी, अशी त्याची रचना होती. आजच्या वाचकाला नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे, पडद्यावर काहीही दाखवण्याची शक्ती त्या यंत्राच्या मूळ पटलावर नव्हतीच. त्यासाठी पाचांतला एक स्लॉट खर्ची घालून वेगळे कार्ड घ्यावे लागे. म्हणजे दृश्य ही या यंत्रात पहिल्या दिवसापासून बाहेरून येणारी गोष्ट होती.

आयबीएमची स्वतःची अशी कार्डे दोन. एक मोनोक्रोम कार्ड : त्यावर अक्षरे अतिशय रेखीव उमटत, पण फक्त तीच, जी कारखान्यात चिपमध्ये कोरून ठेवलेली असत. एकूण २५६ चिन्हे. चित्र नाही, रेषा नाही, नवे अक्षर नाही. दुसरे रंगीत कार्ड : त्यावर चित्र काढता येई, पण बारकाईने काढायचे तर ६४० बाय २०० बिंदूंत आणि दोनच रंगांत. थोडक्यात, ज्याला वाचायचे त्याने पाहू नये आणि ज्याला पाहायचे त्याने फारसे वाचू नये, अशी ही विभागणी होती. रोमन लिपीत हिशेब लिहिणाऱ्या अमेरिकन कचेरीला त्याची अडचण वाटली नाही. अडचण कोणाला वाटली, हे पाहण्यासारखे आहे.

व्हॅन सुवन्नुकुल या थाई अभियंत्याला आपला डॉक्टरेटचा प्रबंध या यंत्रावर थाई लिपीत लिहायचा होता. थाई लिपीत स्वरचिन्हे व सूरचिन्हे व्यंजनाच्या वर आणि खाली चढतात-उतरतात. मोनोक्रोम कार्डाला ती ठाऊक नव्हती आणि रंगीत कार्डाच्या आठ बिंदू उंचीच्या ओळीत ती मावत नव्हती. वेलांटी, रफार आणि उकार यांचा भार एकाच अक्षरावर वाहणाऱ्या आपल्या लिपीच्या वाचकांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. सुवन्नुकुल यांनी स्वतःच एक कार्ड तयार केले. मोनोक्रोम पडद्याचा रेखीवपणा तसाच ठेवून त्यावर ७२० बाय ३४८ बिंदूंतला प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे उजळता येईल, अशी त्याची योजना होती. १९८२ मध्ये केव्हिन जेन्किन्स यांच्यासह स्थापन केलेल्या कंपनीकडून ते ‘हर्क्युलिस’ या नावाने बाजारात आले आणि पुढील काही वर्षे जगभरच्या संगणकांत दिसू लागले. त्यावर लोकांनी हिशेबांचे आलेख काढले, नकाशे काढले आणि अर्थातच खेळ खेळले. ग्राफिक्स कार्डाच्या व्यापाराच्या मुळाशी एका विद्यार्थ्याचा प्रबंध आणि एक आशियाई लिपी आहे, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात सांगितली जात नाही. ती सांगावी असे आम्हांस वाटते.

आपल्याकडचा धागा याच्याशी जुळतो. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदींनी भारतीय लिप्यांसाठी जे काम केले, त्यातून ‘जिस्ट’ हे कार्ड उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाल्यावर ते काम तेथे वाढले. जिस्टचे मर्म असे की ते संगणकाच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसे आणि पडद्याचा ताबा घेई. वर्डस्टार वा डीबेससारख्या मूळच्या रोमन कार्यक्रमांना पत्ताही लागू न देता पडद्यावर देवनागरी उमटे. कार्यक्रमाच्या दृष्टीने तो केवळ संकेतांकांचा प्रवाह. त्यातून जोडाक्षर घडवण्याचे काम कार्डाचे. त्यासाठी यंत्र नवे घ्यावे लागत नव्हते. असलेल्या यंत्रात एक पट्टी खोचली की ते मराठी होई. आमच्या पिढीला संगणकावरचे मराठी म्हणजे फॉन्ट एवढेच ठाऊक. त्याआधी ते हातात धरता येणारे, हिरव्या पाटीवर झाळलेले असे एक कार्ड होते, याचा विसर पडला आहे. विंडोजच्या चित्रमय पडद्यावर सॉफ्टवेअरलाच अक्षरे रेखाटता येऊ लागली, तेव्हा या कार्डाचे प्रयोजन संपले.

मधला काळ आपण वेगाने ओलांडू. आयबीएमच्या नकला करणारे कारखाने वाढले. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस-टू या मालिकेत मायक्रो चॅनल नावाचा नवा, परवान्याने बांधलेला स्लॉट आणला. कॉम्पॅकप्रभृती नऊ स्पर्धकांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये त्याला खुला पर्याय जाहीर केला, आणि आयबीएमचा स्लॉट आयबीएमपाशीच राहिला. गंमत अशी की त्याच मालिकेतली व्हीजीए ही दृश्यपद्धती मात्र सर्वांनी उचलली : ६४० बाय ४८० बिंदूंत सोळा रंग, किंवा ३२० बाय २०० बिंदूंत २५६ रंग. यांतला दुसरा प्रकार खेळांचा झाला.

१० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ आला. त्याचे चित्र काढण्याचे सारे काम प्रोसेसर करी, कार्ड केवळ ते पडद्यावर पोहोचवी. भिंती उभ्या, जमीन सपाट, एका मजल्यावर दुसरा मजला नाही, अशा काटकसरीमुळे साध्या ४८६ यंत्रावरही तो धावला. जून १९९६ मधल्या ‘क्वेक’ने ही काटकसर सोडली. त्यातले जग खऱ्या अर्थाने त्रिमितीय होते आणि त्यातल्या प्रत्येक पृष्ठावर चिकटवलेला पोत अंतरानुसार अचूक आक्रसावा लागे. त्यासाठी भागाकार करावे लागतात आणि भागाकार हे प्रोसेसरचे सर्वांत सावकाश काम. मायकेल ॲब्रॅश या प्रोग्रामरने दर सोळा बिंदूंमागे एकच भागाकार करायचा आणि पेंटियम तो करीत असताना त्याच्याकडून मधले बिंदू भरून घ्यायचे, अशी युक्ती केली. कोळशाच्या शेगडीवर भात शिजेतो भाजी चिरून घ्यावी, तसे हे. पण ही युक्ती पेंटियमच्या अंगभूत सवयीवर बेतलेली. सायरिक्सचे स्वस्त प्रोसेसर दशांशांच्या गणितात दुबळे असल्याने त्यांवर ‘क्वेक’ रांगू लागला. ज्यांनी वर्षभरापूर्वीच संगणक घेतला होता त्यांचे यंत्र एका खेळाने म्हातारे ठरवले.

जुन्या यंत्राचे वार्धक्य कार्डाने दूर करण्याची गोष्ट खऱ्या अर्थाने येथे सुरू होते. सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी त्या काळी त्रिमितीय चित्रणाची महागडी यंत्रे बनवी. ‘जुरासिक पार्क’मधले डायनोसॉर त्यांवर घडले होते. तेथून बाहेर पडलेल्या रॉस स्मिथ, स्कॉट सेलर्स व गॅरी टारोली यांनी १९९४ मध्ये थ्रीडीएफएक्स ही कंपनी काढली. त्यांची ‘व्हूडू’ चिप १९९६ मध्ये घरगुती कार्डांवर आली. ती घराच्या आवाक्यात येण्याचे एक कारण अगदी बाजारी होते : त्या वर्षी मेमरीच्या किमती कोसळल्या आणि कार्डावर ४ एमबी बसवणे परवडू लागले.

व्हूडूची रचना आम्हांस आजही विलक्षण वाटते. ते कार्ड त्रिमितीय चित्राखेरीज काहीच करीत नसे. रोजचे टंकलेखन, कागदपत्रे, चिठ्ठीचपाटी हे सारे जुन्या कार्डाकडेच राही. जुन्या कार्डातून निघालेली तार मागच्या बाजूने व्हूडूत जाई आणि व्हूडूतून दुसरी तार पडद्याकडे. खेळ सुरू झाला की व्हूडू मधल्यामध्ये जुन्याचा प्रवाह अडवून आपला सोडी. खेळ संपला की पुन्हा वाट मोकळी करून देई. ऑर्किड कंपनीच्या कार्डावर हा बदल करण्यासाठी खरोखरीचे यांत्रिक रिले बसवलेले होते, त्यामुळे खेळ सुरू होताना कॅबिनेटमधून ‘खट्’ असा आवाज येई. ज्यांनी तो ऐकला आहे, ते अजूनही त्याचे वर्णन थोड्या हळव्या स्वरात करतात. जुन्याला न हलवता त्याच्याच वाटेत नवे बसवण्याची ही रीत पाहून आम्हांस जिस्ट आठवले नसते तरच नवल.

आकडे पाहावे. ३२० बाय २०० म्हणजे ६४,००० बिंदू. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२००. सेकंदाला तीस चित्रे धरली तर ९२ लाखांहून अधिक बिंदू दर सेकंदाला रंगवायचे आणि तेही पोत गुळगुळीत करून. पेंटियमची यात दमछाक होई. व्हूडू ५० मेगाहर्ट्झवर चाले व प्रत्येक ठोक्याला एक बिंदू हातावेगळा करी. जानेवारी १९९७ मध्ये जॉन कारमॅक यांनी ‘क्वेक’ची यासाठीची आवृत्ती खुली केली, तेव्हा दोन वर्षे जुन्या यंत्रावर मोठे आणि नितळ चित्र दिसू लागले. मात्र सर्वच कार्डांना हे साधले नाही. एस-थ्री कंपनीचे ‘व्हर्ज’ स्वस्त होते आणि त्रिमितीचा दावाही करी. पण काही खेळ त्याच्या साहाय्याने चालवले असता साहाय्याविना चालत त्याहून मंद चालत. ‘त्रिमितीचा ब्रेक’ अशी त्याची थट्टा झाली ती काही उगाच नव्हे.

त्यातून एक गोष्ट मात्र कोणाची सुटली नाही. बिंदू रंगवण्याचे काम कार्डाने घेतले, तरी शत्रू कोठे उभा आहे, दार कोणत्या कोनात उघडले, हे ठरवणारे गणित प्रोसेसरकडेच राहिले. सायरिक्सवाल्यांना व्हूडूनेही पुरता दिलासा दिला नाही. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणून कोन आणि प्रकाश यांचे गणितही कार्डावर ओढले व त्या चिपला जीपीयू हे नाव रूढ केले. तोवर रोजचे चित्र आणि खेळाचे चित्र एकाच कार्डात मिसळले होते. फक्त खेळासाठी वेगळे कार्ड ही कल्पना मागे पडली होती. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकली.

या मिसळण्याचे एक सूत्र १९६८ मध्येच मांडले गेले होते. टी. एच. मायर आणि आयव्हन सदरलँड यांनी पडदा चालवणाऱ्या यंत्रणांवरील आपल्या निबंधात ‘पुनर्जन्माचे चक्र’ अशी संज्ञा वापरली. चित्राचे काम हलके व्हावे म्हणून मुख्य यंत्राबाहेर एक साहाय्यक नेमायचा, तो हळूहळू शहाणा होत स्वतःच पूर्ण यंत्र बनतो, मग त्याला पुन्हा साहाय्यक हवासा वाटतो, असा त्याचा आशय. आपल्या परंपरेतला शब्द दोन अमेरिकनांना ग्राफिक्ससाठी सुचावा, याची आम्हांस मौज वाटते. पण या चक्रात मोक्षाची सोय त्यांनी कोठेच सांगितलेली नाही.

आता आमच्या तपकिरी स्लॉटकडे परत येता येईल. पीसीआय हा सेकंदाला १३३ एमबींचा रस्ता सर्व कार्डांत वाटून घेई. इंटेलने १९९६ मध्ये एजीपीचा आराखडा मांडला, तो केवळ ग्राफिक्ससाठी राखलेला, आरंभीच दुप्पट रुंदीचा रस्ता. पुढे १९९९ मध्ये त्याच इंटेलने स्वस्त संगणकांसाठी ‘८१०’ हा चिपसेट आणला. त्यात कामचलाऊ ग्राफिक्स चिपसेटमध्येच होते आणि एजीपी स्लॉटला वाव नव्हता. आमचे यंत्र या जातीचे. ते विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही किंमत कमी झाल्याचे तेवढे दिसले. वाढण्याची वाट बंद झाल्याचे कोणाला दिसले नाही. वर्षभरात आलेल्या ‘८१५’मध्ये स्लॉट परत देण्यात आला, तो आमच्या उपयोगाचा नव्हता. आमच्या पीसीआय कार्डावर व्हाइस सिटीचा समुद्रकिनारा सुरेख दिसे, पण रस्त्यावर गाड्यांची गर्दी झाली की सारे शहर अडखळे. रॅम वाढवली, अडखळणे कमी झाले. प्रोसेसर बदलावा तर मदरबोर्ड बदलावा लागणार आणि मदरबोर्ड बदलावा तर एसएमपीएस. संगणकाचे नाव तेच राहून सारे अवयव बदलणार, असे दिसताच आम्ही थांबलो.

२००४ पासून मदरबोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस आला आणि गेली वीस वर्षे ग्राफिक्सचा हा स्लॉट आकाराने तोच आहे. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसते आणि बहुधा चालतेही, कमी वेगाने का होईना. कचेऱ्यांतून निवृत्त झालेले संगणक स्वस्तात घेऊन त्यांत कार्ड घालणाऱ्यांची एक मोठी जमात यामुळेच उभी राहिली. तिचे प्रश्न स्लॉटचे नाहीत, विजेचे आहेत. हा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज पुरवतो. त्याहून अधिक हवी तर एसएमपीएसपासून वेगळी तार हवी, आणि कचेरीच्या यंत्रात ती सहसा नसते. फेब्रुवारी २०१४ मधले जीटीएक्स ७५० टीआय हे ६० वॅटचे कार्ड या जमातीत आदराने का उच्चारले जाते, ते यावरून कळावे. याउलट जीटी १०३० ची कथा पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी आहे : २०१८ मध्ये त्याच नावाने वेगळ्या मेमरीचे कार्ड बाजारात आले, जिचा वेग मूळच्या ४८ जीबींऐवजी १६.८ जीबी होता. शीर्षक तेच, संहिता निराळी. आणि खोक्यावर बारीक अक्षरांत पाठभेदाची नोंद. एएमडीचे २०२२ मधले आरएक्स ६४०० आकाराने लहान, विजेला माफक, म्हणजे जुन्या यंत्रासाठीच घडवल्यासारखे. पण ते स्लॉटच्या सोळांपैकी चारच मार्ग वापरते आणि जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या चारांचाही वेग निम्म्यावर येतो. ज्याला त्याची सर्वाधिक गरज, त्यालाच ते कमी पडते.

यंत्र जुने झाले हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न अलीकडे अधिक टोकदार झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला; विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी यंत्रे, ज्यांत नवे कार्ड आजही बसते व चालते, ती कागदोपत्री कालबाह्य झाली. अनेक लॅपटॉपांत तर मेमरीसुद्धा पटलावर झाळूनच येते. त्यांत रिकामे असे काही नसते.

गेल्या उन्हाळ्यात आमचा एक एम.ए.चा विद्यार्थी असाच कचेरीतून निवृत्त झालेला बुटका संगणक विभागात घेऊन आला. दिवसा प्रबंधाचे टंकलेखन आणि रात्री काय ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. कार्ड लहान होते, पण त्याची मागची पत्र्याची पट्टी उंच कॅबिनेटची; खोक्यात आखूड पट्टी सापडली, ती बदलली. कार्ड बसले, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच.

“सर, कार्ड खराब निघालं वाटतं,” तो म्हणाला.

आम्ही संगणक वळवून मागे पाहिले. पडद्याची तार अजून मदरबोर्डाच्या जुन्या जागीच लावलेली होती. ती काढून कार्डात लावली.